छेन्याचं आंबट पाणी

खरं सांगायचं तर त्या दिवशी मी दमले होते. हे वाक्य मी स्वतःशी इतक्या वेळा म्हटलंय की आता ते मलाच पटेनासं झालंय. दमलेली माणसं जगात काय थोडी आहेत? ती सगळी दुसऱ्याच्या पोटावर पाय देतात का? पण सुरुवात तिथूनच करावी लागेल, कारण घडलं ते तसंच.

आमचे हे केंद्र सरकारच्या नोकरीत. कोलकात्याला तीन वर्षांसाठी म्हणून आलो, त्याला आता आठ वर्षं झाली. सॉल्ट लेकच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहतो. मुलगी शिकून नोकरीला बंगळूरला गेली आणि मी त्या तीन खोल्यांत दिवसभर पंख्याचा आवाज ऐकत बसायला लागले. लग्नाआधी मी डेअरीची पदवी घेतली होती. ती पदवी प्रत्येक बदलीत एका प्लॅस्टिकच्या फाइलमधून आमच्याबरोबर फिरली, आणि तिचा उपयोग काय, तर घट्ट दही लावणे. हे मला चिडवायचे, "फर्स्ट क्लासमधलं दही आहे बरं का." त्यात गंमत होती, पण मला हसू येत नसे.

मग बालीगंजमधल्या एका ख्रिस्ती संस्थेला दुधाची माहिती असलेली आणि इंग्रजी-बंगाली दोन्ही येणारी बाई हवी आहे असं कळलं. माझं बंगाली बाजारात शिकलेलं, पण चांगलं वाहतं. मुलाखतीत त्यांनी अगदी संकोचाने विचारलं, "आमच्याकडे सकाळी प्रार्थना असते, तुम्हाला बसायला चालेल ना?" म्हटलं, चालेल की, मी कुठल्याही देवापुढे हात जोडते. लागली नोकरी.

काम असं. परदेशातल्या चर्चमधले शेतकरी, बहुतेक निवृत्त झालेले, स्वतःच्या खर्चाने दोन-तीन आठवडे इथे यायचे आणि हावड्याच्या पलीकडच्या गावांतल्या बायकांना दूधदुभत्याचं शिकवायचे. मी मध्ये बसून भाषांतर करायची. पहिल्या खेपेला मला कोण उत्साह! दुसऱ्या वर्षापर्यंत तो पार आटला. माणसं चांगली होती, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण प्रत्येक नवा पाहुणा त्याच त्याच गोष्टींनी थक्क व्हायचा, त्याच गाईबरोबर फोटो काढायचा, आणि मी पुन्हा सांगायची: कास कोमट पाण्याने धुवा, कोरड्या फडक्याने पुसा, पहिल्या धारा वेगळ्या काढून बघा. झोपेतून उठवलं असतं तरी मी हे बंगालीत म्हणून दाखवलं असतं. बायकाही आता माझ्याआधी म्हणायच्या. घरी येईपर्यंत जीव मेटाकुटीला यायचा, आणि घरी तरी कोण वाट बघत होतं म्हणा.

त्या खेपेला आलेला पाहुणा सत्तरी ओलांडलेला होता. जन्म सगळा गाईंमध्ये गेलेला, हात फावड्याएवढे. मी मनातल्या मनात त्यांना काका म्हणायची, गावातल्या बायका साहेब म्हणायच्या. बाकीचे पाहुणे सांगायला यायचे, हे विचारायला आल्यासारखे. गाय कधी व्याली? पेंड कुठली घालता? वासरू किती दिवस पाजता? प्रत्येक प्रश्न मी बंगालीत विचारायचा, उत्तर इंग्रजीत सांगायचं, की त्यावर आणखी एक प्रश्न तयार. माझं काम दुप्पट. त्यात चहा आला तरी डोळे मिटून आधी देवाचे आभार मानायचे, तोवर चहा पार निवून जायचा. मला त्यांचा राग यायचा हे कबूल करते. राग यावा असं त्यांनी काहीही केलेलं नव्हतं.

आता छेन्याचं सांगते. आमच्याकडे दूध नासलं की घरात सुतकी चेहरे व्हायचे. कोणी पातेलं नीट घासलं नाही, कोणी झाकण ठेवलं नाही, यावरून संध्याकाळपर्यंत आवाज चढलेले असायचे. दही, ताक, लोणी, तूप, खवा, हे आपलं. नासलेलं दूध म्हणजे वाया गेलेलं दूध. आणि या गावांत बायका चांगलं ताजं दूध रोज मुद्दाम नासवतात, त्याचा छेना बांधतात आणि पहाटेच्या गाडीने टोपल्या घेऊन हावड्याला उतरतात. तिथून शहरातल्या मिठाईच्या दुकानांत. इथला सगळा संदेश आणि रसगुल्ला त्यावर. संदेश मी आठ वर्षं आवडीने खाल्लाय, नाही म्हणणार नाही.

दूध नासवायला त्या वापरतात आदल्या दिवशीच्या छेन्याचं उरलेलं आंबट पाणी. प्रत्येक घरी त्याचं एक मडकं. आजचं पाणी उद्या, उद्याचं परवा, आपल्याकडे विरजण चालतं तसंच. हे मला आता सुचतंय. तेव्हा मला दिसायचा तो फक्त मडक्याच्या काठावरचा पिवळा थर, आणि वास यायचा तो वेगळाच. कॉलेजच्या पुस्तकात होतं की दर वेळी ताजं आम्ल मोजून घालावं, लिंबाचं सत्त्व घालावं. मी त्या मडक्यांपासून दोन हात लांब बसायची.

आमच्या वर्गातली सगळ्यांत मन लावून शिकणारी बाई म्हणजे आम्ही जिला बौदी म्हणायचो ती. बौदी म्हणजे आपली वहिनी. पस्तिशीची असेल. नवरा लांब सुरतेला कामाला, घरी एक मुलगी आणि दोन गाई. तिचा छेना दक्षिण कोलकात्यातल्या एका जुन्या दुकानात जायचा. ते दुकान मोजक्या पाच बायकांकडूनच छेना घेतं. पाचांतली एक जागा तिच्या सासूची होती, सासू गेल्यावर ती तिला मिळाली. त्या जागेवर तिचं घर चाललेलं होतं आणि मुलगी कॉलेजात जात होती. ही जागा मिळावी म्हणून कितीतरी बायका टपून होत्या. त्यातली एक तर शेजारच्याच अंगणातली.

वर्गाचा तिसरा दिवस. शाळेच्या व्हरांड्यात ऊन आत आलेलं, डोकं ठणकत होतं, आणि परतीच्या गाडीला पाऊण तास उरलेला. मी वही मिटली होती. तेवढ्यात बौदी घरून मडकं घेऊन आली आणि म्हणाली, "साहेबांना विचारा ना, हे पाणी असं वर्षानुवर्षं वापरणं बरं की वाईट?"

काकांनी झाकण काढलं, वास घेतला आणि चक्क बोट बुडवून चाटलं. मग ते बोलायला लागले. म्हणाले, मला तुमच्या मिठाईतलं काही कळत नाही. हे पाणी चांगलं असेल, मी देईन त्या कशाहूनही चांगलं असेल. शंका वाटत असेल तर एका छोट्या भांड्यात थोडं दूध घेऊन लिंबाच्या सत्त्वावर करून बघा. नेहमीचं नेहमीसारखंच चालू ठेवा. पंधरा दिवस दोन्ही दुकानदाराला दाखवा. तो हो म्हणेपर्यंत काही बदलू नका. हाताने छोटं भांडं केवढं तेही दाखवलं. दर वाक्याला माझ्याकडे बघून थांबत होते आणि मी मान हलवत होते, की बोला, शेवटी एकदम सांगते.

आणि शेवटी मी सांगितलं ते एवढंच. "हे पाणी टाकून द्या. मडकं बाद करा. उद्यापासून लिंबाचं सत्त्व घाला."

दमले होते म्हणून छोटं केलं, असं मी पुष्कळ दिवस मानत होते. छे! दमलेलं माणूस अर्धं सांगेल, उलट कशाला सांगेल? ते माझं मत होतं. दोन वर्षं दुसऱ्यांची वाक्यं वाहून वाहून मला कंटाळा आला होता. त्या दिवशी मी माझं वाक्य त्यांच्या तोंडी घातलं आणि वर मला त्यात शहाणपणाही वाटला.

बौदी माझ्याकडे बघत राहिली. "टाकूनच द्यायचं?"

"हो, टाकूनच."

काका तोवर हात धुवायला हापशावर गेले होते. तिने केळीच्या बुंध्याशी मडकं उपडं केलं. आम्हाला गाडी मिळाली. मला बसायला जागाही मिळाली.

आठवड्याने ती बालीगंजच्या ऑफिसात आली. जिने चढून, टोपलीसकट. मी टेबलावरून मान वर केली तर दारात उभी. भांडायला आली असती तर बरं झालं असतं. ती विचारायला आली होती. म्हणाली, "दिदी, माझं काहीतरी चुकतंय. छेना हाताला रवाळ लागतो, मळला तरी मऊ होत नाही. सत्त्व जास्त पडतंय का माझ्याकडून? की दूध फार गरम असताना घालते?" पहिल्या दिवशी दुकानाने छेना घेतला होता. दुसऱ्या दिवशी कुरकुर केली. तिसऱ्या दिवशी टोपली परत केली. चौथ्या दिवशी शेजारच्या अंगणातली बाई आपली टोपली घेऊन तिथे उभी होती. तिने मडकं टाकलेलं नव्हतं. बौदीने नंतर तिच्याकडूनच वाटीभर आंबट पाणी मागून आणलं, छेना पुन्हा पहिल्यासारखा व्हायलाही लागला, पण जागा गेली ती गेली.

काका शेजारच्या खोलीत होते. बाहेर आले, काय झालं विचारलं. मी सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. मला म्हणाले, "मी छोट्या भांड्याचं बोललो होतो ना?"

"बोलला होतात," मी म्हटलं.

एवढंच. पुढचं वाक्य जिभेवर होतं, अगदी जिभेवर, आणि मी ते गिळलं. ऑफिसातली माणसं बघत होती. काका खुर्चीत बसले आणि म्हणाले, "म्हणजे मला नीट सांगता आलं नाही. करून दाखवायला हवं होतं. नुसतं बोलून निघून आलो." बौदी मला विचारत होती, साहेब काय म्हणतायत? मी म्हटलं, त्यांना वाईट वाटतंय. तेही खरंच होतं म्हणा.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या प्रार्थनेत काका मोठ्याने बोलले. माझ्या निष्काळजी शब्दाने एका बहिणीचं नुकसान झालं, मला क्षमा कर, आणि ते भरून काढायचा रस्ता दाखव. बाकीचे आमेन म्हणाले. एरवी मी प्रार्थनेत डोळे मिटून भाजी काय आणायची याचा विचार करायची. त्या दिवशी मला डोळे मिटवेनात. त्यांच्या जोडलेल्या हातांकडे बघत उभी राहिले आणि लाज वाटली, नुसती लाज. तरी तोंड उघडलं नाही. बाई, तुझ्या जिभेला काय झालं होतं, असं आता मी मला विचारते.

ते मला घेऊन त्या मिठाईच्या दुकानात गेले. मालक वयस्कर, अदबशीर माणूस. काकांना बसवलं, पानावर दोन संदेश दिले. काकांनी सांगितलं की चूक माझी आहे, त्या बाईची नाही, तिला तिची जागा परत द्या. हे मात्र मी शब्दाला शब्द सांगितलं. मालक म्हणाले, "जागा आता दुसरीला दिलीय. तिचा माल चांगला आहे. तिला काय म्हणून काढू? तिलाही घर आहे." मग काकांकडे जरा वेळ बघून मला म्हणाले, "पण दिदी, एवढा जाणता माणूस, याने जुनं पाणी टाकायला सांगितलंच कसं?"

काकांनी विचारलं, काय म्हणाले ते?

"आणखी एक घ्या म्हणतायत," मी म्हटलं. आणि त्यांनी बिचाऱ्यांनी आणखी एक घेतला.

संध्याकाळी चहा घेताना ह्यांना सगळं सांगितलं. हे म्हणाले, "अगं, भाषांतरात थोडं इकडचं तिकडे होतंच. आणि ते चार दिवसांनी जाणार आपल्या देशात. कशाला उकरून काढतेस?" मला ते ऐकून हायसं वाटलं. ह्यांचं बोलणं चुकीचं आहे हे कळत असून वाटलं, त्याचंच मला जास्त वाईट वाटतं. एक दिवस त्या आधारावर काढलाही. दुसऱ्या दिवशी काका म्हणाले, जायच्या आधी मला त्या बाईच्या घरी जाऊन माफी मागायची आहे, तुम्ही याल ना? नाही कशी म्हणणार? पगारच त्याचा घेत होते.

तिच्या अंगणात गेल्यावर त्यांनी टोपी काढून हातात घेतली. मला सोपं जावं म्हणून लहान लहान वाक्यांत बोलले. मी पाहुणा होतो. तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवलात. मी नीट सांगितलं नाही. तुमचं नुकसान झालं. मला माफ करा. प्रत्येक वाक्याला थांबले आणि प्रत्येक वाक्य मी पोचवलं, एक शब्द इकडचा तिकडे न करता. बौदी अवघडून गेली. पदर सावरत म्हणाली, "बाबा, असं बोलू नका. तुमचं काही चुकलं नाही." मी तेही सांगितलं. काकांना वाटलं ती मोठ्या मनाने बोलतेय. त्यांनी डोळे पुसले आणि जरा सावरायला म्हणून गाईकडे गोठ्यात गेले.

बौदी चुलीपाशी आमच्यासाठी मुरमुरे परतायला बसली. तिचा छेना आता स्टेशनबाहेरचा एक दलाल घेत होता, देईल त्या भावाने. मुलीला या वर्षी कॉलेज सोडायला लावायचं की काय, याचा घोळ घरात चाललेला होता, हे मला आल्या आल्या तिच्या मुलीकडूनच कळलं होतं. मी पाटावर बसले. माझ्याच्याने आणखी राहवेना.

म्हटलं, "बौदी, साहेबांनी तसं सांगितलंच नव्हतं. ते म्हणाले होते जुनं चालू ठेवा आणि छोट्या भांड्यात करून बघा. टाकून द्या हे माझं होतं. मी मनाने सांगितलं."

तिचा हात थांबला नाही. "ठाऊक आहे," ती म्हणाली.

मला वाटलं माझ्या बंगालीचं काहीतरी चुकलं. पुन्हा सांगायला लागले तर म्हणाली, "अहो दिदी, ते केवढा वेळ बोलले. हाताने एवढंसं भांडं दाखवलं. तुम्ही दोन वाक्यांत संपवलंत. आम्ही शिकलेल्या नसू, डोळे तर आहेत ना?"

"मग टाकलंस कशाला?" मी जवळजवळ ओरडलेच. "त्याच वेळी विचारायचं नाही का मला?"

"विचारलं की. टाकूनच द्यायचं का, असं विचारलं. तुम्ही हो म्हणालात." तिने मुरमुरे ताटलीत काढले, वर मिरची ठेवली. "साहेब परदेशातले. त्यांना आमच्या संदेशातलं काय कळणार? त्यांच्या सांगण्यावरून मी त्यातलं घोटभर पाणीसुद्धा ओतलं नसतं. मला वाटलं, साहेब काहीतरी भलतंच सांगतायत आणि दिदी आपल्याला खरं ते सांगतेय. तुम्ही दुधाचं शिकलेल्या. दोन वर्षं येताय. आमच्याच आहात. तुम्ही सांगितलंत म्हणून टाकलं."

ती रागावलेलीही दिसत नव्हती. दमलेली दिसत होती, आणि तिचं दमणं माझ्यासारखं नव्हतं, तिला उद्या पहाटे उठून त्या दलालाकडे जायचं होतं. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की या गावात माझ्या शब्दाला किंमत होती. दोन वर्षं मला वाटत होतं की मी नुसती मधली नळी आहे, इकडून ओतलेलं तिकडे पोचवणारी.

गोठ्यातून काकांनी हाक मारली. गाईच्या मागच्या पायाबद्दल त्यांना काहीतरी विचारायचं होतं.

"जा दिदी, बोलावतायत," बौदी म्हणाली. "आणि काय म्हणतील ते सगळं सांगा हं मला."

मी उठून गोठ्यात गेले. आधी काकांना सांगितलं की 'टाकून द्या' हे त्यांचं नव्हतं, माझं होतं. मग त्यांचा प्रश्न तिला विचारला.